नजरेवर वाढवलेलं कासव

मैत्रिणीचं घर बदलायचं चाललं होतं आणि मी खोकी भरायला मदतीला गेले होते. पुस्तकं बांधून झाली, भांडी झाली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरलं. संध्याकाळी ती मोरीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता याचं काय करू, सांग."

याचं म्हणजे बटणाचं. लादी पुसायच्या बादलीशेजारी कपडे भिजवायचा एक निळा टब होता. तळाला चार बोटं पाणी, फार वेळ उकळलेल्या चहाच्या रंगाचं. मधोमध एक वीट, तिच्यावर शेवाळाची साय. त्या विटेला टेकून कासव बसलं होतं, मान निम्मी आत ओढलेली, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलंय.

"खातं का नीट?"

"हल्ली नाही खात फारसं. पण जिवंत आहे की. यांना काय, महिना महिना काही लागत नाही म्हणतात."

हे ती तुसडेपणानं म्हणाली नाही. बारा वर्षं त्या टबातलं पाणी तिनंच बदललं होतं. आधी रोज, मग आठवड्याला, मग वास यायला लागला की. बटण घरात आलं तेव्हा तिचा मुलगा पाच वर्षांचा होता. वाढदिवसाला कुणीतरी प्लॅस्टिकच्या डबीतून आणलेलं; कोटाच्या बटणाएवढं, हिरवंगार, डोळ्यांमागे दोन्हीकडे लाल पट्टा. नाव मुलानंच ठेवलं. पुढे मुलगा मोठा झाला, वसतिगृहात गेला, आणि माळ्यावर स्केट्स राहतात, अर्धवट भरलेली तिकिटांची वही राहते, तसं बटण मागे राहिलं.

"नेते मी," असं मी म्हणून टाकलं. विचारबिचार काही केला नव्हता. दिवसभर दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू 'ठेवायच्या', 'द्यायच्या' आणि 'टाकायच्या' अशा तीन ढिगांत टाकत होते, आणि बटण कुठल्या ढिगात जाणार हे दोघींनाही दिसत होतं, एवढंच.

रिक्षात टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं, तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. आणि शरम वाटली ती त्यानंतर. त्या घरात मी बारा वर्षं जातेय. त्या मोरीत शेकडो वेळा हातपाय धुतलेत. प्रत्येक वेळी वाकून "काय रे बटणा" म्हटलंय. कधीकधी फोटोही काढलाय. पाणी काळपट आहे, वर दिवा नाही, कोरड्या जागेत अंग पुरतं बाहेर काढून बसायला धड फळी नाही, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मला ते दिसलं नाही, कारण मी कासवाकडे 'आहे' एवढंच पाहत होते. ते असायचं, म्हणजे बरं असायचं.

संतांच्या अभंगांत कासवीचा दृष्टान्त येतो. ती पिलांना पाजत नाही, भरवत नाही; दुसऱ्या काठावरून नुसती त्यांच्याकडे पाहते आणि तेवढ्या नजरेवर पिलं वाढतात. देवाची कृपादृष्टी अशी, असं त्यातून सांगायचं असतं. आजीकडून ऐकताना मला ते फार आवडायचं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं, बटणाला आम्ही सगळ्यांनी मिळून असंच वाढवलंय. जातायेता नजर टाकून.

घरी आणून दिव्याखाली नीट पाहिलं तर ते झोपलेलं नव्हतंच. पापण्या सुजून टरारल्या होत्या, दोन वाटाणे चिकटवल्यासारख्या. त्याला डोळे उघडताच येत नव्हते. पाठीवरचे खवले ठिकठिकाणी पांढुरके आणि सुटलेले, जुने पापुद्रे एकावर एक तसेच राहिलेले. मी कवचाची मागची कड अंगठ्यानं हलकेच दाबली आणि ती लवली. ओल्या पुठ्ठ्यासारखी. मी चटकन हात मागे घेतला. बटणानं पाय आत ओढला. त्याला ते कळलं होतं.

कवच म्हणजे घर, असं आपण मुलांना सांगतो. कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं वगैरे. ते अर्थातच खोटं आहे. ते त्याचं शरीर आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा रुंदावून एकमेकांना जोडले गेलेत आणि त्यांच्यावर नखासारख्या द्रव्याचे खवले बसलेत. खाली रक्त वाहतं, नसा आहेत, स्पर्श कळतो. कासवाला कवचातून बाहेर काढणं म्हणजे माणसाला बरगड्यांतून बाहेर काढणं. आणि कवच मऊ पडलंय म्हणजे छप्पर गळतंय असं नव्हे. हाडं विरघळत चाललीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शोधायला सुरुवात केली. कुत्र्यामांजरांच्या दोन डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्हाला यातलं फारसं कळत नाही. त्या प्रामाणिकपणाबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे. तिसऱ्या ठिकाणी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनी आधी वजन केलं, मोजपट्टी लावली: कवच १३ सेंटिमीटर. मग एक्स-रे काढला. हाडांच्या रेघा इतक्या फिकट होत्या की मलाही कळलं.

"वय काय म्हणालात?"

"बारा पूर्ण."

त्या काही बोलल्या नाहीत. हे लाल पट्ट्याचं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, आणि जगात सर्वांत जास्त पाळलं जाणारं. नर साधारण २० सेंटिमीटरपर्यंत भरतो, मादी २५ ते ३० पर्यंत जाते. टाकी जेवढी तेवढंच कासव वाढतं, असं विकणारे सांगतात आणि विकत घेणाऱ्यांना ते ऐकायला आवडतं. खुरटणं आणि लहान असणं यांतला फरक एक्स-रेत दिसतो.

"काय खायला घालत होते?"

मी सुक्या कोळंब्यांची बरणी दाखवली. तीच बारा वर्षं चालू होती, रिकामी झाली की नवी. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेऊन वाजवून बघितली, खुळखुळ्यासारखी. या नुसत्या कोळंब्यांतून 'अ' जीवनसत्त्व जवळपास मिळत नाही. ते कमी पडलं की डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, स्राव साचतो, पापण्या फुगतात. कासव खाणं शोधतं ते मुख्यतः डोळ्यांनी. डोळे मिटले की खाणं बंद, आणि खाणं बंद की जीवनसत्त्व आणखी कमी. असं ते गोल गोल फिरत राहतं. माझ्या मैत्रिणीला वाटत होतं की त्याला भूक नाही. त्याला समोरचं दिसत नव्हतं.

मला इंजेक्शन हवं होतं. एक टोचावं आणि उद्या डोळे उघडावेत. त्या म्हणाल्या, "या जीवनसत्त्वाचा मोठा डोस टोचला तर अंगावरची त्वचा सोलून निघू शकते. तोंडावाटे देऊ, थोडं थोडं. याला बारा वर्षं लागलीत बिघडायला. तुम्ही घाई करू नका."

घाई मी केलीच. घाई म्हणण्यापेक्षा प्रायश्चित्त म्हणायला हवं. त्या आठवड्यात मी चार फूट लांबीची काचेची टाकी आणली. कवचाच्या दर इंचाला सुमारे ४० लिटर पाणी असा एक ढोबळ हिशेब असतो. बटणाच्या पाच इंचांना २०० लिटर झाले. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, हे गणित मला टाकी जुन्या टेबलावर ठेवून अर्धी भरल्यावर, टेबलाचे पाय कुरकुरल्यावर सुचलं. ती उपसली, लोखंडी घोडा करून घेतला, पुन्हा भरली. स्वच्छ, निळसर, हातभर खोल पाणी. खाली गुळगुळीत मोठे गोटे. बारीक खडी टाकली तर कासव ती गिळतं आणि आतडं तुंबतं, हे तोवर वाचलं होतं. मग मी समारंभानं बटणाला त्यात सोडलं.

ते दगडासारखं तळाशी गेलं. मग वर यायला धडपडायला लागलं. उजवीकडचे पाय जोरात मारायचं, डावीकडचे कसेबसे, म्हणून जागच्या जागी गरगरायचं. नाक पाण्याबाहेर आलं, एक श्वास घेतला, पुन्हा खाली. मी कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं.

बारा वर्षं चार बोटं पाण्यात काढलेल्या जिवाला पोहता येत नव्हतं. कासवाला. फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी तो, बुडू शकतो. मी ती रात्र टाकीसमोर खाली बसून काढली आणि माझ्या लक्षात आलं की टाकीचा हा थाट मी बटणासाठी मांडलाच नव्हता. मैत्रिणीला फोटो पाठवायचा होता. स्वतःलाही पाठवायचा असणार.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा टबात ठेवलं. वेगळ्या, मोठ्या, पण टबातच. पाणी कवचाच्या उंचीएवढं, कोमट. एका बाजूला उतरती फळी, तिच्या कडेला चढायला खरखरीत जाळी. फळीवर दोन दिवे: एक उबेचा, एक यूव्हीबीचा. पाणी दर आठ-दहा दिवसांनी दोन बोटं वाढवायचं, आणि मोठी टाकी रिकामी उभी. घरी येणारे विचारायचे, मासे आणणार का?

दिव्यांबद्दल जरा सांगते, कारण कासव पाळणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथंच होते, आणि माझीही झाली असती. कासवाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. फळीवर ३२ ते ३५ अंश, पाण्यात २४ ते २६, आणि त्या दोहोंत ये-जा करून ते आपलं अंतर्गत कामकाज चालवतं. ऊब नसेल तर पोटात गेलेलं अन्न पचत नाही, रोगाशी झुंजायची ताकद येत नाही. सगळं मंद होतं. त्या मंदपणालाच आपण 'शांत कासव' म्हणतो. ऊब झाली, आता ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांतला यूव्हीबी नावाचा पट्टा त्वचेवर पडला की 'ड३' जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. साधी काच हा पट्टा जवळजवळ सगळा अडवते. म्हणजे बंद खिडकीतून आलेलं लख्ख ऊन कासवाच्या हाडांना फारसं उपयोगाचं नाही. आणि यूव्हीबीचा दिवा सहा महिने ते वर्षभरात आतून संपतो, वरून तसाच पेटत राहतो. मला त्यात काहीच फरक दिसत नाही. म्हणून मी दिव्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तारीख लिहून ठेवते, औषधाच्या बाटलीवर लिहावी तशी.

पहिले अठरा दिवस काही झालं नाही. खरंच काही नाही. सकाळी कोमट पाण्यात अर्धा तास, मग खारट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पापण्या पुसायच्या, मग थेंब, मग जबड्याची कड हळूच उघडून औषध. त्यानंतर साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि कासवाला त्यांचं काही वाटत नाही. भाचीला, ती तीन वर्षांची, सक्त ताकीद होती की फक्त बघायचं. ती टबापाशी उकिडवी बसून विचारायची, "ते कधी उठणार?"

एकोणिसाव्या दिवशी कापूस फिरवताना उजवी पापणी हलली. खालची पापणी पडद्यासारखी खाली सरकली आणि आत एक डोळा होता. पिवळट हिरवा, मधून आडवी काळी पट्टी गेलेली, आणि ती पट्टी चेहऱ्यावरच्या काळ्या रेघेशी अशी जुळलेली की जणू कुणी फुटपट्टी ठेवून एका दमात ओढलीय. तो डोळा माझ्याकडे पाहत होता. मी कापूस धरून तशीच बसले. मग बटणानं फुस्स करून मान आत ओढली आणि माझा अंगठा ओरबाडला.

डोळे उघडले तरी खायचं कसं हा प्रश्न होताच. हिरवा पाला त्यानं कधी पाहिलाच नव्हता. मी फळीवर एक पान ठेवलं, ते त्याच्यावर बसलं. या कासवांना पाण्याबाहेर गिळताच येत नाही. जीभ जागेवरच जखडलेली असते आणि तोंडात पुरेशी लाळ नसते. घास पाण्याबरोबरच आत जातो. हे कळल्यावर पान पाण्यात सोडलं, तर त्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वडिलांची आठवण झाली, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तेव्हाची. शेवटी कोळंबीच कामाला आली. बारा वर्षांचं व्यसन. एक कोळंबी चिमटीत पानाच्या घडीत धरायची, चावा पानासकट बसतो. दोन महिन्यांत कासवांच्या खाण्याचे तयार दाणे आणि पाला सुरू झाला. कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड पाण्यात तरंगत ठेवलं होतं, कॅल्शियमसाठी, ते कधी रागानं तर कधी चवीनं कुरतडायचं.

याच सुमारास सल्ले यायला लागले. "एवढा त्रास करून घेण्यापेक्षा तळ्यात सोडून दे. मोकळं होईल बिचारं." हा सल्ला देणारी माणसं निर्दय नव्हती, उलट त्यांच्या आवाजात माझ्यापेक्षा जास्त दया होती. पण या कासवांची निम्मी कहाणी याच दयेत बुडालेली आहे. बटणाएवढी पिलं लाखांनी विकली गेली, घराघरांत गेली. अमेरिकेत तर मुलं ती तोंडात घालायची, जंतुसंसर्ग व्हायचा, म्हणून १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. ती मोठी झाली, पाणी घाण करू लागली, आणि जगभर लोकांनी मोकळ्या मनानं ती जवळच्या तळ्यात सोडली. तिथल्या मूळच्या कासवांच्या उन्हाच्या जागा त्यांनी बळकावल्या, खाणं पळवलं, रोग नेले. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींच्या यादीत आज हे कासव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. जपाननं २०२३ मध्ये विक्री आणि सोडून देणं दोन्ही बंद केलं. घरी असलेलं मात्र पाळत राहा, म्हणून सांगितलं. ही शेवटची गोष्ट वाचून मला उगाच बरं वाटलं. कुणीतरी कायद्यातच लिहून ठेवलंय की घेतलंय ना, मग आता सांभाळा.

पाच महिन्यांनी बटण मोठ्या टाकीत गेलं. या वेळी समारंभ केला नाही. पण गाढवपणा केलाच. कासवाच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी ते धीरानं केलं होतं, पाणी तपासून तपासून. आणि मग एका रविवारी स्पंज फार मळलाय म्हणून नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दीड महिन्याची वस्ती मी अडीच मिनिटांत मारली, स्वच्छतेच्या नावाखाली. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि बटण सारखं फळीवर जाऊन बसायला लागलं. आता मी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा दाबते, तो तपकिरी राहतो, आणि मी तो तसाच परत ठेवते. मला स्वच्छ आणि निरोगी हे दोन वेगळे शब्द आहेत हे त्या स्पंजानं शिकवलं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

मैत्रिणीला मी बराच काळ टाळत होते. तिला एक्स-रेबद्दल सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी ती एक दिवस न सांगता आली. टाकीसमोर उभी राहिली, बराच वेळ. बटण तेव्हा दिव्याखाली होतं, मागचे पाय लांब ताणून, बोटांमधले पडदे पंख्यासारखे उघडून. ऊन खाताना ते असंच बसतं, अगदी निर्लज्जपणे.

"पाय एवढे लांब आहेत त्याचे?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं. टबात ते पाय तिनं कधी पुरते पसरलेले पाहिलेच नव्हते. तिथं पसरायला जागा नव्हती. मग ती रडली आणि मी तिला चहा करून दिला. एक्स-रेचं मी काही बोलले नाही. तिनं टाकलं नव्हतं, मारलं नव्हतं, बारा वर्षं तो टब उचलून ओतला होता, पाठदुखी असताना. कुणी विकताना दोन वाक्यं धड सांगितली असती तर तिनं तेही केलं असतं. आणि मी बारा वर्षं त्याच मोरीत उभी होते, मग कुठल्या तोंडानं?

दुसऱ्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बटण मादी आहे. पुढच्या पायांची नखं आखूड, शेपूट बारीक. नराची नखं लांबलचक असतात. कासव मराठीत नपुंसकलिंगी, बटणही नपुंसकलिंगी, त्यामुळे आजवर भाषेनंच आमची सोय केली होती. मैत्रिणीचा मुलगा त्याला 'तो' म्हणायचा, मी 'ते'. आता मी 'ती' म्हणायचा प्रयत्न करते, पण जीभ वळत नाही. या लेखातही एखाद्याच जागी वळलीय.

तिसऱ्या वर्षी, कवच १८ सेंटिमीटरवर असताना, बटण एकाएकी अस्वस्थ झालं. खाईना. दिवसभर काचेवर पाय मारत, फळीवर चढून मागच्या पायांनी प्लॅस्टिक खरवडत. मादी नराशिवायही अंडी घालते, फळत नाहीत एवढंच. पण घालायला माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेतू शकतं. मी एका खोल पेटीत ओलसर माती आणि रेती भरून तिला त्यात सोडलं आणि दार लोटून फटीतून बघत बसले. आधी तिनं पेटीचे चारही कोपरे हुंगले. मग एका कोपऱ्याकडे पाठ करून मागचा उजवा पाय खुपसला, मग डावा, मग उजवा. माती कडक लागली तेव्हा स्वतःचं पाणी सोडून ती भिजवली. दोन तास. त्या सगळ्या वेळात मान पुढे, डोळे समोरच्या पत्र्यावर. मागं काय चाललंय ते फक्त पायांना माहीत होतं. चार अंडी, लांबट, पांढरी. पायांनीच माती लोटली, पोटानं दाबली, आणि चालू लागली. एकदाही वळून पाहिलं नाही.

आजी असती तर तिला सांगितलं असतं. संतांचा दृष्टान्त संतांच्या जागी खरा असेल. आमची कासवी मात्र पिलांकडे बघतसुद्धा नाही, माती चांगली निवडते आणि निघून जाते.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा मुलगा सुट्टीला आला होता. आता दाढी आहे त्याला. येण्याआधी फोन करून विचारलं होतं, "मावशी, बटण ओळखेल का मला?" मी म्हटलं, ये तर खरं. त्यांना रोज खाणं देणारं माणूस ओळखू येतं असं मी पाहिलंय. मी डबा हातात घेतला की बटण काचेशी येऊन सगळे पाय मारतं. पण पंधरा वर्षांपूर्वीचा पाच वर्षांचा मुलगा?

तो दारातून आत आला. बटण फळीवर होतं, दिव्याखाली, पाय ताणून. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं मात्र, बटणाची मान ताठ झाली, आणि डुबुक्. फळी रिकामी, पाणी हललेलं, आणि लांबच्या कोपऱ्यात गोट्यांमागे एक काळी सावली. स्लायडर हे नावच त्यावरून पडलंय. चाहूल लागली की ओंडक्यावरून घसरून पाण्यात जायचं.

"घाबरलं मला," तो म्हणाला. चेहरा पडला होता.

"हो."

"टबात असताना नाही असं करायचं कधी. हात लावला तरी तसंच बसून राहायचं. मला वाटायचं त्याला आवडतं."

मी त्याला माझ्या शेजारी जमिनीवर बसायची खूण केली. टाकीपासून सहा फुटांवर. हलू नकोस, म्हटलं. फिल्टरची धार पडत होती. दहा मिनिटं गेली असतील, तो बोलला नाही, फोन काढला नाही. मग गोट्यांमागची सावली सुटी झाली, वर आली, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर दोन नाकपुड्या दिसल्या. त्यांच्यामागे एक डोळा, आडव्या काळ्या पट्टीचा. आम्ही दोघं श्वास धरून बसलो आणि बटण फळीकडे पोहत येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो.